देणगीदाराला कामाला लावण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

विश्वस्त महोदय, मार्च उजाडल्याशिवाय देणगीदाराची आठवण काढू नका. अधेमधे फोन केलात तर त्याला वाटेल, यांना खरंच बोलायचंय. मग तो विचारेल, वसतिगृहातल्या त्या मुलींचं पुढे काय झालं? उत्तरासाठी आपल्याला वसतिगृहात जावं लागेल.

तरीही एखादा चिवट निघतोच. दरवर्षी पाच हजार देतो आणि वर विचारतो, "मी आणखी काही करू का?" गडबडू नका. ताबडतोब पावतीपुस्तक हातात ठेवा आणि म्हणा, "पन्नास हजार तरी जमवाच, साहेब!" कशासाठी, ते सांगू नका. सांगितलंत तर तो मित्राला थेट म्हणेल, 'एका मुलीचा वर्षाचा मेसचा खर्च दे.' मित्र देऊन मोकळा होईल आणि आपल्या माहितीपत्रकातलं 'सर्वांगीण उत्थान' तसंच पडून राहील.

कुणाकडे मागू, असं त्याने विचारलं तर 'सोसायटीच्या ग्रुपवर टाका' म्हणावं. तो क्यूआर कोड टाकेल. खाली जोडलेल्या हातांची रांग लागेल, त्याखाली टाकी धुण्याची सूचना येईल. विषय संपला.

खरा धोका वेगळाच. तो म्हणू शकतो, "चार मित्रांना घरी चहाला बोलावतो, तुमच्या रेक्टरबाईंना पाठवा." हे होऊ देऊ नका. बाई साधं बोलतील, मित्र प्रश्न विचारतील, यजमान म्हणेल 'मी स्वतः देतो', आणि त्या एका वाक्यावर चेक निघतील. त्यापेक्षा अध्यक्षांना पाठवावं. ते संस्थेच्या स्थापनेपासून सुरुवात करतात. पोहे गार होईपर्यंत जमिनीचा सातबाराच चाललेला असतो.

सभेत कुणीतरी पैसा फंडाचा दाखला देईलच. अंताजी दामोदर काळ्यांनी लोकांकडून पैसा पैसा गोळा केला, टिळकांनी पाठ थोपटली, १९०८ साली तळेगावात काचेचा कारखाना उभा राहिला, वगैरे. काळ वेगळा होता म्हणून सांगावं. बिचाऱ्यांना ८०जीची करसवलतसुद्धा नव्हती!

आता पावतीकडे वळू. आपल्या गृहस्थाने मेहुण्याकडून दहा हजार आणलेच, तर रोखीनेच घ्या. २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीला करसवलत नाही, हे मेहुण्याला त्याच्या सीएकडून कळू द्या. चेक दिलाच असेल तर पॅन नंबर चुकीचा उतरवा. करसवलतीसाठी लागणारं देणगीचं प्रमाणपत्र ३१ मेपर्यंत द्यायचं असतं; ते रखडवा. दिवाळीच्या फराळाला दोघं समोरासमोर बसतील तेव्हा त्याचा विषय निघाला पाहिजे. मेहुण्याने पैसे संस्थेला दिलेलेच नसतात, या गृहस्थाच्या शब्दाला दिलेले असतात. म्हणून फजितीही त्याचीच होते, आपल्याला कुणी एक फोन करत नाही.

आभारपत्र पाठवू नये. सवय लागते. वार्षिक समारंभात शाल-श्रीफळ नगरसेवकाला द्यावं, कारण त्याने काही दिलेलं नसतं आणि पुढेही देणार नसतो. अपेक्षाभंगाचा प्रश्नच येत नाही.

वर्षअखेरीस इतिवृत्तात नोंद करावी: 'देणगीदारांचा प्रतिसाद थंड, समाजाची संवेदना बोथट.' लगेच दुसरा ठराव, व्यावसायिक निधिसंकलन सल्लागार नेमण्याचा. त्याची फी कुठून द्यायची, असं खजिनदारांनी विचारलं तर त्यांना त्या पाच हजारवाल्या गृहस्थाचा नंबर द्यावा.