‘दातवाल्यांचं लायसन्स बंद करा’वाल्या मेसेजला एका लॅबवाल्याचं उत्तर

गेल्या आठवड्यात एक मेसेज आमच्या इंदूरच्या सुदामानगरच्या ग्रुपवर आला, मग बायकोच्या माहेरच्या ग्रुपवर, मग गणपती मंडळाच्या, आणि काल तोच सख्ख्या काकांनी मला पर्सनलवर पाठवला, वर लिहिलंय "तू या लाइनीतला आहेस, खरं आहे का रे हे?" मेसेजचं म्हणणं असं की डेंटल कौन्सिल (दाताच्या डॉक्टरांची नोंद ठेवणारी संस्था) म्हणजे त्यांची युनियन, रजिस्ट्रेशनचा कायदा इंग्रजांनी लादलेला, दात साफ करायला कसलं आलंय लायसन्स, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सुद्धा 2015 मध्ये डेंटल बोर्ड बेकायदा ठरवलं, तिथे हायजिनिस्ट (डॉक्टर नव्हे, फक्त दात साफ करायचं शिकलेले) स्वतःचं क्लिनिक टाकतात आणि आपल्याकडे डॉक्टरांनी त्यांना दाबून ठेवलंय, आणि कायदा असून पण झोलाछाप (बिनडिग्रीचे भोंदू डॉक्टर) बसलेच आहेत तर कायदा काढूनच टाका, रेट अर्ध्यावर येतील. शेवटी हात जोडलेले आणि "देशहितात शेअर करा".

आधी माझं सांगून टाकतो म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. मी डॉक्टर नाही. मी डेंटल मेकॅनिक, म्हणजे लॅबवाला, डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात आणि मी त्यावरून कवळी, कॅप, ब्रिज बनवतो (इंदुरात कवळी म्हटलं तर निम्मे लोक तोंडाकडे बघतात, इथे बत्तीसी म्हणावं लागतं). मेसेजमधल्या त्याच कायद्यात डॉक्टर, हायजिनिस्ट आणि आम्ही मेकॅनिक असे तिघंही येतो. त्यामुळे डॉक्टरांची वकिली करायची मला काही हौस नाही, उलट माझी उधारी त्यांच्याकडेच अडकलेली असते.

तर इंग्रजांचं बघू. डेंटिस्ट्स ॲक्ट 1948 चा आहे. 1948. इंग्रज 47 ला गेले हे मेसेज लिहिणाऱ्याला कोणीतरी सांगा. त्याच्या आधी 1939 मध्ये बंगालमध्ये असा कायदा झाला होता हे खरं, राज्य तेव्हा इंग्रजांचंच होतं, पण त्याच्यामागे लागलेला माणूस आपलाच, डॉ. रफिउद्दीन अहमद, ज्यांनी 1920 मध्ये कलकत्त्याला देशातलं पहिलं दंत महाविद्यालय काढलं. कोणीही उठून चिमटा घेऊन बसायचा त्या काळातली मागणी होती ती. आणि 48 च्या कायद्याने जुन्या लोकांना हाकललं पण नाही, ज्यांच्याकडे डिग्री नव्हती पण किमान पाच वर्षांची प्रॅक्टिस होती त्यांच्यासाठी रजिस्टरचा वेगळा ‘ब’ भाग ठेवला, की चला तुमची रोजीरोटी चालू द्या, पण नाव लिहून ठेवू. एवढ्या समजूतदार कायद्याला लादलेला म्हणणं जरा जास्तच झालं.

आता "दात साफ करायला लायसन्स कशाला". हे वाचून मला खरंच राग आला कारण याच्यासोबत अजून एक वाक्य होतं की "सफाई केली की दात हलायला लागतात, हे डॉक्टर मुद्दाम करतात". अहो दात सफाईने हलत नाहीत, दात आधीपासूनच हलत असतात, पायरियाने हिरडी आणि हाड खाली उतरलेलं असतं आणि मधे दगडासारखा टार्टर बसलेला असतो जो दोन दातांना चिकटवून धरतो, तो काढला की असलियत कळते. भिंत पडायला आलीय आणि रद्दीच्या ढिगाने टेकू दिलाय असं समजा, ढीग उचलला म्हणून भिंत पडली असं कोण म्हणेल. पण नेमका हाच टार्टर हिरडीच्या आत कुठवर गेलाय, कुठे थांबायचं, पेशंट रक्त पातळ करायची गोळी खातो का, शुगर किती आहे, हार्टचा व्हॉल्व बदललाय का, हे विचारणारा माणूस लागतो. आणि अवजार एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जातं. हिपॅटायटिस बी रक्तातून जातो, आणि स्केलिंगमध्ये, म्हणजे टार्टर खरवडताना, रक्त येतंच. ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने जंतू मारायचं यंत्र) 121 डिग्रीला, 15 पाउंड प्रेशरवर 15-20 मिनिटं ठेवल्याशिवाय ते अवजार दुसऱ्याच्या तोंडात घालायचं नाही, गरम पाण्यात बुडवून काढलं म्हणजे झालं असं नसतं. हे कोण बघणार, गिऱ्हाईक? गिऱ्हाईकाचं तोंड उघडं आणि डोळे मिटलेले असतात.

आणि आपल्या मालव्यात तर अजून एक गोष्ट आहे. पाउच, म्हणजे गुटख्याची पुडी. मध्य प्रदेशाने गुटखा 2012 मध्ये बंद केला आणि तरी पानाच्या ठेल्यावर काय मिळतं ते सगळ्यांना माहीत आहे. तोंड हळूहळू उघडेनासं होतं, गालाच्या आत पांढरे पट्टे येतात, लोकांना वाटतं तिखट सहन होत नाही म्हणजे ॲसिडिटी असेल. शिकलेला माणूस सफाई करता करता हे बघतो आणि पुढे पाठवतो. नुसतं घासणारा घासून मोकळा.

अमेरिकेचा मुद्दा सगळ्यात जास्त शेअर होतोय, तर तो नीट सांगतो. तिथे लायसन्स देशाचं नसतं, प्रत्येक राज्याचं वेगळं बोर्ड. अलाबामाने तर 1841 मध्येच दाताच्या धंद्यावर कायदा केला होता. आता नॉर्थ कॅरोलिना राज्यात झालं काय, की दात पांढरे करून देणारे लोक मॉलमध्ये स्टॉल टाकून बसले, डेंटिस्टपेक्षा स्वस्तात. तिथल्या बोर्डात आठ मेंबर, त्यातले सहा स्वतः धंदा करणारे डेंटिस्ट, एक हायजिनिस्ट, एक सामान्य नागरिक. डेंटिस्ट लोकांच्या तक्रारी आल्या आणि बोर्डाने या स्टॉलवाल्यांना "बंद करा" म्हणून पत्रं धाडली, किमान 47. मॉलवाल्यांना सुद्धा लिहिलं. व्यापारात स्पर्धा राहते की नाही हे बघणारं तिथलं केंद्रीय खातं मधे पडलं, केस सुप्रीम कोर्टात गेली, आणि फेब्रुवारी 2015 मध्ये सहा विरुद्ध तीन असा निकाल बोर्डाच्या विरोधात लागला. इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. पण कोर्टाने बोर्ड बेकायदा ठरवलं नाही, लायसन्स रद्द केलं नाही, आणि मॉलमध्ये दात पांढरे करणं चांगलं की वाईट यावर निकाल दिला नाही. कोर्ट म्हणालं एवढंच, की ज्या बोर्डावर त्याच धंद्यातले लोक बहुमतात आहेत त्याला स्पर्धेच्या कायद्यातून सरकारी म्हणून सूट पाहिजे असेल तर वरून सरकारची खरोखरची देखरेख पाहिजे, नावापुरती नाही. म्हणजे मेसेजवाल्याने निकाल उलटा वाचलाय. तो म्हणतो सरकार हटवा, कोर्ट म्हणतं सरकार, जरा नीट बस तिथे.

आणि खरं सांगू का, हा धडा आपल्यालाही लागू आहे, कारण आपल्या 48 च्या कायद्यातल्या राज्य कौन्सिलमध्ये पण बहुतेक जागा डेंटिस्टच्याच, वर सरकारने नेमलेले थोडे. आम्हा मेकॅनिकची किंवा हायजिनिस्टची निवडून जायची एक जागा नाही त्यात, रजिस्टर मात्र आमचंही तेच ठेवणार. "युनियन" म्हणणाऱ्याची चीड मला इथे कळते. 2023 मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा पास केला, तो या जुन्याच्या जागी, त्यात निवडणुकीच्या कौन्सिलऐवजी नेमलेला आयोग आणि त्याच्या खाली शिक्षणाचं, कॉलेज तपासायचं आणि एथिक्स-रजिस्ट्रेशनचं अशी तीन बोर्डं आहेत. नेमलेले लोक निवडून आलेल्यांपेक्षा बरे निघतील असं मी लिहून देणार नाही. पण युनियनवाली तक्रार ज्या रचनेबद्दल होती ती रचनाच संसदेने बदलायला घेतली, एवढं तरी मेसेजमध्ये यायला पाहिजे होतं.

हायजिनिस्टचं. हा मुद्दा अर्धा बरोबर आहे म्हणून जास्त फसवतो. हायजिनिस्टची कल्पनाच मुळात एका डेंटिस्टची, कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टचे डॉ. आल्फ्रेड फोन्स. त्यांनी आपल्या असिस्टंटला, आयरीन न्यूमन यांना, सफाई शिकवली, मग 1913 मध्ये अशा बायकांची पहिली शाळा काढली, आणि या शिकलेल्या बायका शहरातल्या शाळांमधे जाऊन पोरांचे दात साफ करत. न्यूमनबाईंना 1917 मध्ये लायसन्स मिळालं. लायसन्स, बरं का. पुढे कोलोराडोसारख्या राज्याने 1980 च्या दशकात हायजिनिस्टला डेंटिस्टच्या देखरेखीशिवाय स्वतःचं क्लिनिक टाकायची परवानगी दिली, आणि इंग्लंडमध्ये 2013 पासून पेशंट आधी डेंटिस्टला न दाखवता थेट हायजिनिस्टकडे जाऊ शकतो. पण दोन्हीकडे तो कोर्स केलेला, परीक्षा दिलेला, रजिस्टरमध्ये नाव असलेला माणूस आहे. त्याला डेंटिस्टपासून मोकळं केलंय, रजिस्टरपासून नाही. मेसेजवाल्याने ही दोन्ही एकच करून टाकली.

आपल्याकडे हायजिनिस्टचा दोन वर्षांचा डिप्लोमा आहे, कायद्यात त्याची व्याख्या आहे, दातांवरचा टार्टर काढणं, साफ करणं, पॉलिश करणं आणि लोकांना स्वच्छता शिकवणं हे त्याचं काम. पण तुम्ही आयुष्यात कधी हायजिनिस्ट भेटलात का? मी या लाइनीत राहून बोटावर मोजण्याइतके पाहिलेत. तीनशेच्या वर दंत महाविद्यालयं झाली देशात, बीडीएस (दाताच्या डॉक्टरची डिग्री) झालेली पोरं दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये तुटपुंज्या पगारावर स्केलिंग करतायत, मग डॉक्टर वेगळा हायजिनिस्ट कशाला ठेवेल. डॉक्टरांनी दाबलं वगैरे मला काही दिसत नाही, डॉक्टरच इतके स्वस्त मिळतायत. गावाकडे ना डॉक्टर ना हायजिनिस्ट, आणि इंदूरच्या एबी रोडवर एका बिल्डिंगमध्ये तीन डेंटिस्टच्या पाट्या. शाळांमधून हायजिनिस्ट पाठवायला पाहिजेत, फोन्सने केलं तसं, यावर कोणी मेसेज लिहिला तर मी स्वतः फॉरवर्ड करीन.

झोलाछाप. हो, आहेत. आणि का आहेत ते कायद्यातच लिहिलंय. 48 च्या कायद्याचं कलम 49 म्हणतं की रजिस्टर्ड माणसाशिवाय कोणी दाताचा धंदा करायचा नाही, पहिल्यांदा पकडला गेला तर दंड पाचशे रुपयांपर्यंत. पाचशे! 1948 मध्ये तो मोठा पैसा असेल, आज सराफ्यात (इंदूरच्या खाऊगल्लीत) चार जण गेले तर तेवढं बिल होतं. दुसऱ्यांदा पकडला तर सहा महिन्यांपर्यंत जेल किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यातच एक गंमतीशीर सूट पण आहे, की केस तातडीची असेल आणि रजिस्टर्ड डेंटिस्ट मिळत नसेल तर कोणीही दात उपटू शकतो, फक्त सुन्न करायचं औषध वापरायचं नाही. म्हणजे कायद्याला पण माहीत होतं की गावात रात्री दाढ ठणकली तर लोहार चिमटा काढणारच. तर कुंपण मोडकं आहे म्हणून कुंपणच उपटा हे कुठलं लॉजिक, तार बदला ना.

मोडक्या कुंपणातून काय घुसतं ते मी हातात धरून पाहिलंय. एका डॉक्टरांनी पेशंटच्या तोंडातून काढलेलं "फिक्स बत्तीसी"चं काम मला बघायला पाठवलं होतं, कुठल्यातरी फुटपाथवर करून घेतलेलं, आजी मोठ्या खुशीत होत्या म्हणे, अर्ध्या तासात दात, ना काढायची झंझट ना धुवायची. आम्ही लॅबमध्ये हीट-क्योर ॲक्रिलिक फ्लास्कमध्ये भरून तासन्‌तास पाण्यात तापवतो म्हणजे आतलं मोनोमर (कच्चं लिक्विड) पक्कं होतं, फारसं उरत नाही. त्या माणसाने सेल्फ-क्योर पावडर-लिक्विड ओलंच हिरडीवर थापलं होतं आणि शेजारच्या दोन चांगल्या दातांना तारेने बांधलं होतं. खाली अन्न सडत राहिलं. ते काढलं तेव्हा तारेसोबत ते दोन चांगले दातही हातात आले. डबी उघडल्यावर जो वास आला त्याने माझ्या पोराने जेवण सोडलं त्या दिवशी.

रेटबद्दल जास्त काय बोलू, लॅबची बिलं मीच काढतो, रजिस्ट्रेशन काढलं तर कॅप बनवायचा झिर्कोनियाचा ब्लॉक स्वस्त होणार नाही आणि दुकानाचं भाडंही. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी एमवाय हॉस्पिटलच्या बाजूला सरकारी दंत महाविद्यालय आहे, 1961 पासूनचं, वेळ लागतो, पोरं शिकत असतात, पण मागे सर उभे असतात.

काकांना एवढं सगळं पाठवलं आणि सांगितलं की फार काही करू नका, पुढच्या वेळी क्लिनिकमध्ये गेलात की रजिस्ट्रेशन नंबर बघा, तो क्लिनिकमध्ये लावायचा आणि चिठ्ठीवर, पावतीवर लिहायचा असा नियमच आहे, नसेल तर विचारा. काकांनी अंगठा पाठवला. दहा मिनिटांनी लिहिलं, "ते ठीक, पण माझी खालची कवळी ढिली झालीय, रविवारी येतो, तूच माप घे, घरचंच काम आहे, डॉक्टरला कशाला पैसे." नाही काका. पोहे-जलेबी खायला या, माप डॉक्टरकडून घेऊन या, बनवून मीच देतो.