‘नकली कॅसेट’: कराडच्या वाचकांना उत्तर

टीव्हीला जोडायच्या जुन्या व्हिडिओ गेम मशिनांसाठी नव्या सुट्या भागांपासून बनवलेल्या गेम कॅसेटींवरचा माझा लेख तुम्हाला चांगलाच झोंबलेला दिसतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मी नकली मालाची जाहिरात करतोय. या कॅसेटींत ३.३ व्होल्टचे आयसी, म्हणजे चिपा, असतात, ते जुनं मशीन जाळतात आणि तुमच्या मावसभावाचं मशीन असंच गेलं. शिवाय ही उघडउघड चोरी आहे. ज्याला खरा नाद आहे त्यानं ओरिजिनलच घ्यावी, परवडत नसेल तर मोबाइलवर इम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारं अॅप, टाकून खेळावं. वर ‘सांगलीकरांना गंडवू नका’ हा सल्लाही आहे.

सांगलीकर इतक्या सहज गंडत नाहीत, ते सोडा. बाकीच्याला उत्तर देतो, पण तुमच्या क्रमानं नाही. व्होल्टेज आधी घेतो, कारण तिथं तुमच्या बोलण्यात तथ्य आहे, फक्त अर्धं.

आपल्याकडची साठ पिनांची मशिनं, मग तो लिटल मास्टर असो की खोक्यावर नावच नसलेलं एखादं, निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची नक्कल आहेत. आतला सगळा कारभार ५ व्होल्टवर चालतो. जुन्या कॅसेटमधला मास्क रॉम, म्हणजे गेम कायमचा कोरलेला आयसी, तोही ५ व्होल्टचाच. आज स्वस्तात मिळणारे फ्लॅश आयसी, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारे, मात्र बहुतेक ३.३ व्होल्टचे. २९एलव्ही मालिकेतला आयसी २.७ ते ३.६ व्होल्टसाठी बनवलेला असतो. चार पैसे वाचवणारा कारागीर तो थेट ५ व्होल्टला जोडून मोकळा होतो. जरा शहाणा असेल तर आयसीपुरता व्होल्टेज उतरवणारा रेग्युलेटर टाकतो, पण मशीन आणि आयसी ज्यांवरून बोलतात त्या अॅड्रेस आणि डेटाच्या लाइनी तशाच सोडतो. मग मशीनकडून येणारे ५ व्होल्टचे सिग्नल आयसीच्या संरक्षक डायोडमधून वाट काढतात आणि आयसी तापतो. यात आधी मरते ती कॅसेट. मशीनलाही जादा करंट पुरवावा लागतो, म्हणून ‘काही होत नाही हो’ असं मी म्हणणार नाही. असली कॅसेट मी माझ्या मशीनला लावत नाही.

पण नवे भाग म्हणजे ३.३ व्होल्टच, हे कुणी सांगितलं तुम्हाला? ३९एसएफ०१० हा फ्लॅश आयसी आजही नवा मिळतो आणि तो ४.५ ते ५.५ व्होल्टवरच चालतो. त्याची क्षमता १२८ किलोबाइट. अमेरिकेत विकल्या गेलेल्या ‘कॉन्ट्रा’चा प्रोग्राम नेमका १२८ किलोबाइटचा. तिच्या बोर्डाला जाणकार यूएनरॉम म्हणतात. त्यावर आहे काय? प्रोग्रामचा रॉम, चित्रांसाठी ८ किलोबाइटची रॅम, एक ७४१६१ काउंटर आणि एक ७४३२ ऑर गेट. अमेरिकी मशीनच्या कॅसेटमध्ये याखेरीज कुलपाचा एक आयसी असतो, तो नसेल तर ते मशीन कॅसेट चालू देत नाही. आपल्या साठ पिनी मशीनला कुलूपच नाही, त्यामुळे तोही गळतो. काउंटर आणि गेट हे दोन आयसी तर मिरजेच्या पॉलिटेक्निकमधल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरानं ब्रेडबोर्डवर कितीदा खोचलेले असतील. सगळं ५ व्होल्टचं, सगळं नवं. मी लेखात जिचा बोर्ड उघडून दाखवला ती कॅसेट या जातीची आहे. फोटोत आयसीचे नंबर वाचता येतात, पुन्हा बघा.

मोठ्या गेमची गोष्ट वेगळी. ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’मध्ये २५६ किलोबाइट प्रोग्राम, १२८ किलोबाइट चित्रं आणि शिवाय एमएमसी३ नावाची निन्टेन्डोची खास चिप. ती चिप आता नवी कोण बनवणार? म्हणून तिचं काम सीपीएलडीकडून करून घेतात, म्हणजे आतलं सर्किट आपल्याला लिहिता येतं असा आयसी. यात झायलिंक्सचा एक्ससी९५७२एक्सएल बरेचदा दिसतो. तो चालतो ३.३ व्होल्टवर, पण त्याच्या इनपुटना ५ व्होल्ट सोसतात, तशीच त्याची घडण आहे. तेव्हा बोर्डावर ३.३ दिसलं की पळा, हेही खरं नाही. कुठला आयसी कुठल्या लाइनीवर बसलाय ते बघावं लागतं.

एक गंमत सांगतो, विषयाला थोडी सोडून. डेटा लाइनीवर दोन आयसींची ओढाताण होते असं तुम्ही लिहिलंय, जणू हा रोग नव्या कॅसेटींनीच आणला. मूळ यूएनरॉम बोर्डावर ती होतीच. बँक, म्हणजे रॉमचा वाचायचा तुकडा, बदलायला सीपीयू रॉमच्याच पत्त्यावर एक आकडा लिहितो आणि त्याच क्षणी रॉमही आपला आकडा त्याच लाइनीवर ठेवतो. दोघांचं भांडण होऊ नये म्हणून प्रोग्रामर आधीच रॉममध्ये तोच आकडा साठवून ठेवायचे आणि नेमके त्या पत्त्यावर लिहायचे. दोघंही एकच बोलले की भांडण मिटलं! १९८० च्या दशकातल्या त्या लोकांना दंडवत.

आता मशीनला नव्या कॅसेटचा जो खरा त्रास होतो, त्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलेलं नाही. तो आहे बोर्डाच्या जाडीचा. फॅमिकॉमच्या कॅसेटचा बोर्ड १.२ मिलिमीटर जाड असतो. असा बोर्ड (पीसीबी) करून देणाऱ्याला जाडी सांगितली नाही तर तो १.६ चा बोर्ड हातात ठेवतो, कारण तीच जाडी सर्रास चालते. हा जाड बोर्ड स्लॉटमध्ये दाबून बसवला की आतल्या संपर्काच्या धातूच्या पत्त्या फाकतात. नवी कॅसेट झकास चालते. मग तुम्ही जुनी लावता, पत्त्या तिला धड टेकत नाहीत आणि पडद्यावर नुसते ठोकळे. माणूस म्हणतो, नव्या कॅसेटनं मशीन जाळलं. जळलेलं काही नसतं, स्लॉट सैल झालेला असतो. कुपवाड एमआयडीसीत निम्म्या लोकांच्या खिशात व्हर्नियर असतो, आणि कॅसेट लावण्याआधी कडेची जाडी मोजायला अर्धं मिनिट लागतं. तेवढं करा.

त्याच कडेवर संपर्काच्या पट्ट्या असतात, त्यांचा रंगही बघा. रुपेरी असतील तर बहुधा नुसतं कथिल चढवलंय. ते मऊ असतं, स्लॉटमध्ये खरवडून पत्त्यांना चिकटतं आणि काळं पडतं. सोनेरी असतील तर सोनं, पण त्यातही दोन प्रकार. स्वस्त प्रकारात निकेलवर सोन्याचा जेमतेम ०.०५ ते ०.१ मायक्रॉनचा थर असतो. वारंवार काढ-घाल होणाऱ्या कडेला कठीण सोन्याचा याच्या कैक पट जाड थर देतात, तो महाग पडतो. वर्षातून चार वेळा खेळणाऱ्याला पहिला पुरतो. पोरं रोज कॅसेट बदलणार असतील तर विकणाऱ्याला विचारा की मुलामा कुठला आहे. उत्तर देता आलं नाही तर तिथून घेऊ नका. आणि कृपा करून फुंकर मारू नका. आपण सगळ्यांनी मारली, पण तोंडातल्या ओलीनं पट्ट्या गंजतात, दुसरं काही साधत नाही.

आता ‘ओरिजिनलच घ्या’. कराडात नव्वदच्या दशकात तुम्ही ओरिजिनल कॅसेट कुठं पाहिली होती, ते मला खरंच ऐकायचंय. सांगलीत मी जे पाहिलं ते सगळं पिवळ्या नाहीतर काळ्या डबीतलं, वर ‘इतके इन वन’चा अवाढव्य आकडा, आणि त्यात तेच दहा-बारा गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा. उघडलं तर नेहमीच्या डबीतला आयसीसुद्धा नाही, उघड्या चिपवर काळ्या इपॉक्सीचा थेंब. भाड्याची मशिनं त्यावर चालली, कॅसेटींची अदलाबदल त्यावर झाली, आपली सगळी लहानपणं त्यावर गेली. आज तुम्ही ज्याला ओरिजिनल म्हणून जपता तो बहुधा तेव्हाचा डुप्लिकेटच आहे. मला त्याचं काही वाईट वाटत नाही. पण मग त्याच्या नावानं शुद्धतेची शपथ कशाला?

बरं, खरी जपानी कॅसेट घ्यायची म्हटली तर बाजारात नकलीच खरी म्हणून विकणारे बसलेत, आणि माझं भांडण त्यांच्याशी आहे. लेबल जुनाट करायचं, डबीला ओरखडे पाडायचे आणि ‘घरातली जुनी आहे’ म्हणून तिप्पट भाव लावायचा. डबी उघडली की आयसीवर तारखेचा कोड सापडतो. गेम १९८८ चा आणि आयसी २०१५ नंतरचा, म्हणजे विषय संपला. मी ज्याच्याकडून घेतली त्यानं बोर्डावरच ‘रिप्रो’, म्हणजे नव्यानं बनवलेली नक्कल, असं छापलंय, डबीवरही. मिरजेत सतारमेकर गल्लीत तंबोरा आजही नवा घडतो, नवा म्हणूनच विकला जातो आणि त्याला कुणी नकली म्हणत नाही. शंभर वर्षांपूर्वीचा म्हणून विकला तर मात्र ती फसवणूक. कॅसेटच्या लाकडाबद्दल, म्हणजे बोर्ड आणि डबीबद्दल, माझा हिशोब हाच आहे. आतल्या गेमचा हिशोब वेगळा, त्याकडे येतोच.

त्याआधी एक गोष्ट, जी ओरिजिनलवाल्यांनी लक्षात घ्यावी. नव्या भागांची सोय नव्हती तेव्हा रिप्रो कशी बनायची? एखादी खरी, पण फारशी मागणी नसलेली कॅसेट घ्यायची, तिचा मास्क रॉम उपटायचा आणि त्या जागी हवा तो गेम लिहिलेला ईप्रॉम आयसी बसवायचा. एका रिप्रोमागे एक खरी कॅसेट कायमची गेली. ‘कोण खेळतंय असला गेम’ म्हणत शेकड्यांनी कॅसेटी अशा कापल्या गेल्या. नवा बोर्ड, नवा आयसी, नवी डबी आली आणि ही कत्तल थांबवता येऊ लागली. आपल्या भागात तर जुनं हार्डवेअर तसंही कमीच उरलंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात, खणभागात शिरलं तेव्हा माळ्यावर न चढवलेलं सगळं गाळात गेलं. पुरात बुडालेली कॅसेट वरून पुसून चकचकीत दिसते, पण आयसीच्या पायांखाली गाळ बसलेला असतो आणि तो हळूहळू तांबं खातो. अशी कॅसेट ‘अस्सल जुनी’ म्हणून घेण्यापेक्षा नवा बोर्ड बरा.

आता चोरी. व्यावसायिक गेमच्या बाबतीत तुमचं म्हणणं कायद्याला धरून आहे, आणि हे माझ्या लेखातही होतं, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो आणि साहित्यकृतीला लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षण आहे. १९८० च्या दशकातला कुठलाही गेम केवळ जुना झाला म्हणून मोकळा झालेला नाही. त्याच कायद्याचं कलम ५२ कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला, ती हरवली किंवा बिघडली तर हाताशी असावी म्हणून, बॅकअप प्रत करू देतं. पण त्यासाठी आधी प्रत कायदेशीर हवी, आणि काळ्या थेंबाची कॅसेट कायदेशीर नाही. कलम ६३ब तर प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यालाही लागू होतं. त्यात सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे, नफ्यासाठी किंवा धंद्यात वापर नसेल तर न्यायालय कैद वगळून ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. हे सगळं मान्य करूनच मी म्हणतो, विकणाऱ्याचा धंदा कायद्यात बसत नाही, घेणाऱ्यानं हे ठाऊक असूनच घ्यावी.

पण मग इम्युलेटरचा सल्ला कुठल्या तोंडानं देता? इम्युलेटर स्वतः निर्दोष असतो. त्यात टाकायची गेमची फाइल तुम्ही कुठल्या तरी साइटवरून फुकट उतरवणार, ती या कायद्यापुढं कॅसेटइतकीच बेकायदा. उलट तिथं विकणारा दिसत नाही म्हणून आपलं मन स्वच्छ राहतं, एवढाच काय तो फरक.

ज्यांना यातलं काहीच अंगाला लावून घ्यायचं नाही त्यांच्यासाठी तिसरी वाट आहे आणि ती मला सगळ्यात आवडते. आजही लोक या जुन्या मशीनसाठी नवेकोरे गेम लिहितात आणि हक्कानं विकतात. २०१९ चा ‘मायक्रो मेजेस’ घ्या. चार जण एकत्र खेळतात आणि सगळा गेम ४० किलोबाइटचा, पहिला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ होता तेवढाच. नवा बोर्ड, नवा आयसी आणि पैसे ज्यानं लिहिला त्याला. या कॅसेटीला नकली म्हणायची तुमचीही हिंमत होणार नाही. फक्त घेताना पिना बघा. असे गेम बरेचदा अमेरिकी मशीनच्या ७२ पिनी डबीत येतात, आपल्याकडं ६०. मधे अडॅप्टर लागेल.

राहता राहिलं तुमच्या मावसभावाचं मशीन. कॅसेट लावली आणि मशीन गेलं, एवढंच तुम्ही लिहिलंय. त्या दिवशी विजेचा अडॅप्टर कुठला लावला होता, हे विचारा. मूळ फॅमिकॉमच्या अडॅप्टरच्या पिनेत मधलं टोक ऋण असतं, आजच्या राउटरच्या अडॅप्टरमध्ये मधलं टोक बहुतेक धन. पीन तीच बसते, व्होल्टही जवळपास तेवढेच लिहिलेले असतात, आणि वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेलं मशीन काढलं की मूळ अडॅप्टर कुणाकडंच सापडत नाही. नक्कल मशिनांत तर पोलॅरिटीचा, म्हणजे धन-ऋण टोकांचा, नेम नसतो, त्यामुळे खोक्यावरची खूण बघूनच लावावा लागतो. मशीन उघडून ७८०५ रेग्युलेटर शोधा, पत्र्याला स्क्रूनं आवळलेला तीन पायांचा. पोलॅरिटी बरोबर असलेला अडॅप्टर लावून, कॅसेट न घालता, मल्टिमीटरनं त्याच्या मधल्या आणि तिसऱ्या पायात व्होल्टेज मोजा. ५ येत नसेल तर आधी रेग्युलेटर बदला, तो किरकोळ किमतीत मिळतो. ५ येत असेल आणि तरी मशीन उठत नसेल, तर त्या कॅसेटच्या बोर्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि कडेची जाडी मला पाठवा. ती ५ व्होल्टपासून न सांभाळलेली ३.३ वाली कॅसेट निघाली तर कुणाकडून घेऊ नये, हे फोटोसकट इथंच लिहीन.