थोडं डावीकडे, टीचर

फ्लेक्सवर माझा कोपर आला आहे. डावा. अगदी कडेला, जिथे तार ओवायची भोकं असतात तिथे, निळ्या बाहीसकट.

खोन केनच्या आमच्या शाळेचे प्रवेश सुरू झालेत, म्हणून फाटकावर हा फ्लेक्स. त्यावर ‘इंग्लिश प्रोग्रॅम’चे परदेशी शिक्षक हसताहेत. मधोमध जो उंच, गोरा गृहस्थ आहे तो आमच्या शाळेत शिकवत नाही. कुठल्याच शाळेत शिकवत नाही. तो कँटीनवाल्या मावशींचा जावई.

थायलंडच्या या ईशान्य भागात, म्हणजे इसानमध्ये, युरोपातले निवृत्त जावई मुबलक. हा जर्मनीचा, जन्मभर ट्रक चालवलेला. त्या दिवशी सासूबाईंना बर्फाच्या पिशव्या टाकायला आला होता. तोवर फोटोत मधोमध मी उभी होते, इस्त्रीचा कुर्ता, केस बांधलेले, चेहऱ्यावर कराडच्या कॉलेजात सात वर्षं पोर्शन संपवल्याचा आत्मविश्वास. फोटोग्राफरने बर्फाकडे पाहिलं, मग बर्फवाल्याकडे.

“टीचर, थोडं डावीकडे.”

सरकले.

“अजून थोडं.”

“इथे उजेड कमी आहे का?” मी माझ्या कामचलाऊ थाईत विचारलं.

“उजेड चांगलाय, टीचर. डावीकडे अजून चांगलाय.”

डावीकडे आग विझवायचा लाल सिलिंडर होता. त्याच्या शेजारी मी आणि माझी फिलिपिनो मैत्रीण अंग चोरून उभ्या राहिलो. तिकडे जावयाच्या अंगात उपमुख्याध्यापकांचा कोट चढला. कोट बगलेत कचकन वाजला. खाली बर्म्युडा होती, पण फ्लेक्स कमरेपर्यंतच असतो. हातात जाडजूड शब्दकोश आला. जावई त्याकडे असा बघत होता की जणू कुणी त्याला दुसऱ्याचं तान्हं पोर धरायला दिलंय.

“सर, काहीतरी इंग्रजी बोला,” फोटोग्राफर म्हणाला. “बोलताना चेहरा खरा वाटतो.”

जावयाने माझ्याकडे पाहिलं. “इंग्लिश? नाइन. रुसिश.” इंग्रजी नाही, रशियन.

म्हणजे गडी पूर्व जर्मनीतला. तिथे शाळेत रशियन सक्तीचं होतं, इंग्रजी नंतर आणि तेही घेतलं तर. बरं, रशियन तरी किती उरलं असेल? दहापर्यंत अंक. तो ते मोजू लागला. “अद्दिन, द्वा, त्री...” आणि ‘त्री’ला फ्लॅश उडाला. फ्लेक्सवर त्याचं तोंड उघडं दिसतंय ते ‘त्री’चं आहे, आणि त्या तोंडातून निघालेल्या फुग्यात लिहिलंय, ‘स्पीक इंग्लिश विथ कॉन्फिडन्स!’

मी विभागप्रमुख बाईंना हळूच सांगितलं, “हे शिकवत नाहीत हो इथे.”

त्या गोड हसल्या. “माय पेन राय, टीचर. पालकांना दिसायला बरं.”

माय पेन राय म्हणजे असू दे, चालतंय. इथे आवाज चढवला की चढवणाऱ्याचीच अब्रू जाते, त्यामुळे मीही गोड हसले. दातांवर दात ठेवून किती वेळ गोड हसता येतं याचा सराव मला आता चांगला आहे.

आमच्याकडे फ्लेक्सचं एवढं कौतुक नसतं. गल्लीतल्या कुणाचाही वाढदिवस असो, खाली पन्नास शुभेच्छुक मावतात. माझा बारावीला अडकलेला चुलतभाऊ गॉगल लावून, मोबाइल कानाला धरून स्टँडसमोर झळकतो. त्याला आजवर कुणी डावीकडे सरक म्हणालं नाही. म्हटलं असतं तर काय झालं असतं ते सांगत नाही.

आणि मी? इंग्रजीत एम. ए. करून, शेकड्याने पेपर तपासून इथे आले, तर आधी टोइक ही इंग्रजीची परीक्षा दे म्हणाले, 990 पैकी निदान 600 आण. आणले, 600 हून बरेच जास्त. मग शिकवायच्या परवान्यातून तात्पुरती सूट. मग दर 90 दिवसांनी इमिग्रेशनला ‘मी अजून त्याच पत्त्यावर राहते’ असं कळवायचं. एवढं सगळं पार पाडल्यावर पगार ‘नेटिव्ह नाही’, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नाही, या रकान्यातला. माझ्या मैत्रिणीच्या देशात तर इंग्रजी राजभाषा आहे, तिचाही रकाना तोच. खरे नेटिव्ह बघायचे तर 1976 साली इथल्या फु विआंगच्या डोंगरात युरेनियम शोधताना डायनासोरचं हाड सापडलं होतं, ते. त्यांचे पुतळे गावभर आहेत आणि एकालाही टोइक द्यावी लागलेली नाही.

पोरांपासून काही लपत नाही. आमची चौथी माध्यमिक म्हणजे आपली दहावी. थाई मुलांची टोपणनावं एकेक अशी की हजेरी घेताना मेन्यूकार्ड वाचल्यासारखं वाटतं. एरवी शेवटच्या बाकावर झोपणारा बीअर आज जागा होता.

“टीचर, हू इज मॅन? गेट?”

मी उत्तर देण्याआधी बेन्झ ओरडला, “ही सेल आइस!”

आइस नावाची मुलगी दचकून मागे वळली. वर्ग खिदळला. माझ्या तोंडून सवयीने निघालंच, “सेल्स! ही सेल्स आइस!” चाळीस पोरं एका सुरात म्हणाली, “ही सेल्स आइस!” वर्षभर शेपटीतला ‘स’ उच्चारून घ्यायला मी घसा फोडला, तो या जावयाने एका फोटोत करून दाखवला. बाहेरून चाललेल्या विभागप्रमुखांनी अंगठा दाखवला.

दुपारी कँटीनमध्ये मावशींनी मला थांबवलं. फ्लेक्स पाहून दोन पालकांनी जावयाकडे शिकवणी मागितली होती. तासाला आठशे बाट द्यायला तयार. जावई घाबरून बर्फ टाकायलाही येईना.

“टीचर, तुम्ही त्याला थोडं इंग्रजी शिकवा ना. तो पुढे मुलांना शिकवेल.”

मी म्हटलं, पाचशे बाट तासाला.

मावशींनी सोम तमच्या कोशिंबिरीसाठी कच्ची पपई कुटायची थांबवली. “पाचशे? अहो, तुम्ही नेटिव्ह कुठे?”

“तुमचा जावई आहे का?”

“तो दिसतो ना,” मावशी शांतपणे म्हणाल्या आणि पुन्हा कुटायला लागल्या. साडेतीनशेवर तोडलं. वर दर शनिवारी एक प्लेट सोम तम फुकट, आणि मिरच्या मी सांगेन तेवढ्याच.