तेराशे चाळीस सालचं मैदान

आमच्या क्रीडा मंडळाचं मैदान एस.टी. स्टँडच्या मागं आहे. मैदान म्हणायचं ते श्रद्धेनं. मिडविकेटला एक लांबट उंचवटा आहे. तिकडं मारलेला बॉल चढ चढून जातो, वर जरा विचार करतो आणि आपला आपण परत येतो. त्यामुळं आमच्याकडं मिडविकेटला फिल्डर ठेवायची पद्धत नाही. बाकी मैदानभर खडे. कितीही वेचा, पहिला पाऊस झाला की खालून नवे वर येतात. अशाच एका खड्याला लागून उडालेला बॉल कॉलेजात असताना माझ्या तोंडावर बसला होता. समोरच्या दाताचा एक कोपरा तेव्हापासून त्या मातीत कुठंतरी आहे. तेव्हा या मैदानाच्या पोटात काय काय पुरलंय याची थोडीफार कल्पना मला होती. बाकीचं यंदा कळलं.

सुरुवात झेंड्यापासून झाली. आमच्या मराठवाड्यात पंधरा ऑगस्ट वर्षातून दोनदा येतो, दुसऱ्यांदा सतरा सप्टेंबरला. देश सुटल्यावर आम्ही तेरा महिने निजामातच होतो, म्हणून मुक्तिसंग्राम दिनाचा झेंडा वेगळा. आजवर मंडळ तो बाभळीला बांधलेल्या बांबूवर फडकवायचं. यंदा अध्यक्षांनी, म्हणजे अण्णांनी, पक्का सिमेंटचा ओटा आणि लोखंडी खांब असा ठराव मांडला. ठराव कसला, खड्डा खणायला माणसं आल्यावर आम्हाला कळलं.

दोन-अडीच फुटांवर टिकाव ‘ठण्ण’ वाजला. माती बाजूला सारली तर घडीव दगड, आणि त्या दगडात शिसं ओतून बसवलेली अंगठ्याएवढ्या जाडीची लोखंडी कडी. सगळे खड्ड्याभोवती उकिडवे बसले. कुणीतरी कडीवर थुंकून अंगठ्यानं पुसलं. कडीची आतली बाजू दोर घासून घासून अर्धी झिजली होती.

“घोड्याची कडी हाय ही,” अण्णा म्हणाले.

“कशावरून?”

“मग काय सर, शेळी बांधतेत का एवढ्या कडीला?”

तिथून पुढचा इतिहास अण्णांनी पाच मिनिटांत उभा केला. अंबाजोगाईला निजामाच्या काळात मोमिनाबाद म्हणायचे आणि तिथं हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या पैशावर पोसलेल्या इंग्रजी अंमलाखालच्या फौजेच्या, घोडदळाची छावणी होती. हे खरं आहे. हिंगोलीलाही छावणी होती. हेही खरं आहे. “आन् मधात कोण? आपलं गाव. घोडे पाणी प्यायला थांबले नसतील का? थांबले. थांबल्यावर नुसते बसतेत का लष्करातले लोक? पोलो खेळले.” पुरावा म्हणून त्यांनी पोलिस ॲक्शन काढली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताची फौज निजामाच्या राज्यात घुसली त्या कारवाईचं नाव ‘ऑपरेशन पोलो’ होतं. “उगं नाव देत नसतेत सर.”

मी म्हणालो, “अण्णा, अंबाजोगाई इथून ऐंशी किलोमीटर आहे.”

“घोड्याला ऐंशी किलोमीटर म्हंजी काय?”

मंडळाचं पन्नासावं वर्ष आहे, स्मरणिका काढायचीच आहे, तर तिच्यात मैदानाचा इतिहास घ्यायचा असं ठरलं. लिहायचा कुणी, यावर चर्चाच झाली नाही. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी शाळेत गणित शिकवतो. पण आमच्या तालुक्यात मास्तर म्हटला की त्यानं सूत्रसंचालन करावं, मानपत्र लिहावं, दहाव्याला चार शब्द बोलावेत आणि जनगणना करावी. विषय कोणता याला महत्त्व नाही.

कागद शोधायला मी एका कचेरीत गेलो. कोणत्या ते सांगत नाही, मला अजून सातबारा काढायचाय.

पहिल्या दिवशी जेवणाची सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी सगळा स्टाफ प्रशिक्षणाला. तिसऱ्या दिवशी माणूस होता, पण कपाटाची किल्ली रजेवर होती. चौथ्या दिवशी किल्ली आणि माणूस एका जागी सापडले.

“कुणबी नोंद का?” त्यानं मान वर न करता विचारलं.

२०२३ साली कुणबी नोंदींची शोधमोहीम सुरू झाल्यापासून मराठवाड्यात जुना कागद मागणारा माणूस म्हणजे एकच, असं त्यांचं पक्कं झालंय. त्यांचीही चूक नाही. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्याला तेव्हापासून जो भाव आलाय तो आमच्या कापसाला कधी आला नाही.

“नाही, मैदानाची नोंद पाहिजे.”

“मैदानाला कशाला पाहिजे दाखला?”

मी समजावून सांगितलं. त्यानं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडं पहिल्यांदाच नीट पाहिलं. पदरचे चार दिवस घालून मैदानाचा इतिहास शोधणारा माणूस त्याला कीव करण्यासारखा वाटला असावा. त्यानं लाल फडक्यातलं एक गाठोडं खाली काढलं. धूळ उडाली, आम्ही दोघंही शिंकलो, आणि त्या शिंकेनं आमच्यात जरा आपलेपणा आला. तासाभरात सर्व्हे नंबर जुळला. मी त्या पानाची झेरॉक्स घेऊन बाहेर आलो तेव्हा मला स्वतःचाच सत्कार करावासा वाटत होता. मग कागद उजेडात धरला. सगळा उर्दू. तोही असा घसरत लिहिलेला, की मुंगी शाईत पडून घराकडं निघालीय.

जुन्या गावात चाचा राहतात. उर्दू शाळेतून रिटायर झालेत, वय ऐंशीच्या घरात, हातात भिंग. त्यांनी आधी चहा मागवला. चहा येईपर्यंत कागदाला हातसुद्धा लावला नाही. मग बशीतला चहा संपवून, बोटं लुंगीला पुसून, एकेका अक्षरावर भिंग सरकवत वाचायला लागले.

“सन तेराशे चालीस... हां... मवेशीखाना सरकारी... रकबा दोन एकर अठरा गुंठे...”

इथं माझी चूक झाली ती मी कबूल करतो. ‘मवेशीखाना म्हणजे काय?’ असं मी विचारायला पाहिजे होतं. पण मराठवाड्यात जन्मलेल्या माणसाला आपल्याला उर्दू येत नाही हे मान्य करणं जड जातं. सकाळपासून आम्ही अर्ज, दाखला, तहसील, मिळकत, रकबा एवढं उर्दू-फारसी बोलतो की उरलेलंही येतच असेल असं वाटतं. मी ‘वा’ म्हणालो आणि मान डोलावली. चाचांना वाटलं सरांना कळलं.

बाहेर येऊन अण्णांना फोन लावला.

“मवेशीखाना? दिवाणखान्यासारखंच काहीतरी असंल. सरकारी म्हणतेत ना? म्हंजी बडे बडे लोक बसायचे तिथं. साल काय निघालं?”

“तेराशे चाळीस.”

फोनवर बराच वेळ आवाज आला नाही. अण्णा भारावले होते.

रात्री कार्यकारिणीच्या बैठकीत आमच्या इतिहासाच्या सरांनी भर घातली. बहमनी राज्य १३४७ सालचं. “म्हणजे आपलं मैदान बहमनींपेक्षा सात वर्षांनी सीनियर.” घोडे, छावणी, पोलो आपोआप मागं पडले. कंटिन्जंट काय, १९०३ साली ब्रिटिशांच्या लष्करात मिसळून संपलंसुद्धा. आमचं मैदान त्याच्या साडेपाचशे वर्षं आधीचं! तेराशे चाळीसमध्ये कागद कुठला आणि सर्व्हे नंबर कुठला, हा प्रश्न खोलीतल्या अकरा पदवीधरांपैकी एकालाही पडला नाही. गणिताच्या मास्तरालाही नाही.

दोन दिवसांत एस.टी. स्टँडच्या तोंडाशी वीस फुटी फ्लेक्स लागला. ‘ऐतिहासिक मवेशीखाना मैदान, स्थापना सन १३४०.’ एका बाजूला काळा गॉगल घातलेले अण्णा, दुसऱ्या बाजूला दोन पायांवर उभा राहिलेला पांढरा घोडा. घोड्याच्या गळ्यात झेंडूची माळ होती, कारण तो कुणाच्या तरी वरातीच्या फ्लेक्समधून उचलला होता. खाली बावीस शुभेच्छुकांचे फोटो. त्यात माझाही होता, ‘संशोधक’ म्हणून, आधार कार्डावरचा.

शुक्रवारी दुपारी नमाजहून येताना चाचा फ्लेक्सपाशी थांबले. मी समोर रसवंतीवर होतो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग मला बघून हातानंच बोलावलं.

“ये किसने लगाया जी?”

“मंडळानं. तुम्हीच वाचून दिलं ना चाचा?”

“मास्टर, फसली है वो सन. फसली! पाचशे नव्वद मिळवा त्यात.”

फसली म्हणजे निजामाच्या सरकारी दप्तरातली कालगणना. मी मिळवले. गणित हा माझा विषय आहे. एकोणीसशे तीस.

“और मवेशी बोले तो ढोरां. कोंडवाडा था ये, कोंडवाडा.” चाचांनी घोड्याकडं एकदा पाहिलं. “हमारी भैंस भी थी अंदर. किसी के ज्वारी में घुसी थी. अब्बा छुडा के लाए, हाली में दंड भरके.” हाली म्हणजे निजामाचं नाणं.

म्हणजे दुसऱ्याच्या पिकात घुसलेली जनावरं कोंडायची, धन्याकडून दंड आणि चाऱ्याचा खर्च घ्यायचा, मग सोडायची. मारक्या बैलाला दगडातल्या कडीला बांधायचं. आणि असल्या जागेचा संशोधक म्हणून मी एस.टी. स्टँडवर हसऱ्या चेहऱ्यानं टांगलेलो होतो.

अण्णा म्हणाले, “कुणाला बोलू नका.” संध्याकाळपर्यंत गावात आमच्या टीमला ‘कोंडवाडा इलेव्हन’ असं नाव पडलेलं होतं. रविवारी शेजारच्या तालुक्याची टीम मॅचला आली. आमचा ओपनर मैदानात उतरला की त्यांचे फिल्डर हंबरायचे. तो आऊट होऊन निघाला तेव्हा त्यांचा विकेटकीपर म्हणाला, “दंड भरून जा बरं का.” त्यांचं सोडा, आमचा स्वतःचा अंपायर हसला.

त्या रात्री जेवताना मी हे सगळं आईला सांगितलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग पाणी पिऊन म्हणाली, “कोंडवाड्याचं मला नाही माहीत बाबा. ते माझ्या येण्याआधीचं. मला तिथली खडी माहीत हाय.”

“कसली खडी?”

“बहात्तरची.”

बहात्तर म्हटलं की आमच्याकडं पुढं ‘साल’ किंवा ‘दुष्काळ’ लावायची गरज पडत नाही. पण दुष्काळातलं खडी फोडायचं सरकारी काम आमच्या मैदानावर चालायचं, हे मला पन्नाशीला टेकताना कळत होतं. आई तेव्हा नवी नवरी. गाड्यांनी दगड आणून टाकायचे आणि बायांनी ओळीनं बसून हातोडीनं खडी फोडायची. बोटांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळायच्या. दुपारी सुकडी मिळायची, ती निम्मी खायची आणि निम्मी पदरात बांधून घरी आणायची. घरी रेशनचा लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी. “त्याची भाकर थापली की फुटायची. थापायची कशाला, नुसती जमवायची.” खडीचे लांब चौकोनी ढीग लावायचे, मुकादम फीत धरायचा, शंभर घनफुटाला एक ब्रास.

“कुठं लावायचे ढीग?”

“स्टँडच्या अंगाला. तिथं अजून चढ हाय की.”

माझी भाकरी ताटातच राहिली. आमचा मिडविकेट!

“मग मी लहानपणापासून तिथं ढोपरं फोडून यायचो, तेव्हा का नाही बोललीस?”

“काय बोलू? हे खडे म्या फोडलेत म्हणू? तू मलाच बोलला असतास.”

दुसऱ्या दिवशी मी अण्णांकडं गेलो आणि म्हणालो, स्मरणिकेत हेच घेऊ. खड्यांचा हिशोब लागतो, चढाचा लागतो, आणि त्या ओळीत बसलेल्या म्हाताऱ्या गावात अजून दहा-बारा तरी असतील, त्यांना बोलवू. अण्णांनी सगळं ऐकलं. माणूस वाईट नाही. पण त्यांच्या डोळ्यांपुढचा घोडा अजून पुरता उतरला नव्हता.

“सर, सुवर्णमहोत्सवात दुष्काळ कशाला?” ते म्हणाले. “त्याच्यापेक्षा कोंडवाड्यालाच जरा चांगल्या भाषेत घ्या ना. तुम्ही तर शिकलेले.”

चांगली भाषा त्यांनी स्वतःच शोधली. फ्लेक्सवर ‘मवेशीखाना’च्या जागी आता ‘निजामकालीन पशुसंगोपन केंद्र’ असा कागद चिकटवलाय. स्थापना १९३० केली. घोडा तसाच आहे. पशू म्हणून चालतो.

मी स्मरणिकेची चार पानं लिहून दिलीत. त्यात खडी आहे. छापतील तेव्हा छापतील.

परवा पिचवर एक खडा पायाला लागला तो मी खिशात टाकून घरी आणला. आई गच्चीवर कुरडया वाळत घालत होती. तिनं खडा तळहातावर घेतला, अंगठ्यानं फिरवला, एका डोळ्यानं बघितला.

“दीड इंची हाय,” ती म्हणाली. “कोपरा बसला नाही नीट. असली मुकादम बाजूला फेकायचा, मापात धरायचा नाही.”

“म्हणजे तुमचीच?”

“आमचीच. पण हिचे पैसे नाही भेटले.”

वारा सुटला होता. कुरडयांच्या धोतराचं टोक फडफडत होतं, त्यावर तिनं तो खडा ठेवून दिला.