अंगकाठीवरून शुगर कळत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुम्ही लिहिलंत, "मधुमेह गोड खाणाऱ्या जाड माणसांचा. माझं वजन वर्षानुवर्षं तेवढंच, चहा बिनसाखरेचा, उपाशीपोटी शुगर 118. सडपातळ माणसांना तपासण्या सांगून तुम्ही लॅबवाल्यांचं भलं करताय. आणि लहान मुलांना होतो तो आईबापांच्या लाडांमुळे."

118 ला नॉर्मल म्हणत नाहीत, काका. 126 पासून मधुमेह धरतात हे बरोबर, पण 100 ते 125 म्हणजे प्रीडायबेटिस, मधुमेहाच्या उंबरठ्यावरची अवस्था. आणि उपाशीपोटीच्या एका आकड्यात सगळं कळतही नाही. 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त दिलं की काहींचा आकडा थेट 200 च्या वर निघतो, आणि तो मधुमेहच. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, 6.5 टक्क्यांपासून पुढे मधुमेहात मोडतं, पण अंगात लोह कमी असेल तर तेही फसवं येतं. त्रास काहीच नसेल तर तपासणी पुन्हा करून मगच निदान पक्कं करतात.

राहिला सडपातळपणा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी उभा असलेला फोटो 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2! आपल्याकडे हातपाय काटकुळे आणि चरबी पोटात, हे सर्रास आढळतं. ती यकृतात साठली की रक्तातली साखर खाली आणणाऱ्या इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं. वजनकाट्याला यातलं काही कळत नाही. त्यापेक्षा कंबर मोजा. पुरुषांची 90 सेंटिमीटरच्या आत हवी.

लाडांबद्दलचं वाक्य वाचून मात्र फार वाईट वाटलं. लहान मुलांना बहुधा होतो त्या टाइप 1 मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. गोळ्या-चॉकलेटांनी तो होत नाही. मूल सारखं पाणी मागतं, सुटलेली सवय परत लागून रात्री अंथरूण ओलं करतं, भरपूर खाऊनही वाळत जातं. घरचे जंताचं औषध देतात. मग उलट्या, धाप, आणि पोर अर्धवट शुद्धीत दवाखान्यात पोचतं. वेळेत इन्सुलिन मिळालं नाही तर जीव जातो. एवढ्यातून मुलाला घरी आणलेल्या आईला नातेवाईक विचारतात, "तू त्याला खायला तरी काय घालत होतीस?" अशा आया हा ब्लॉग वाचतात.

ग्लुकोज पिऊन करायची ती तपासणी याच आठवड्यात करून घ्या. आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवा, रात्रभर उपाशी राहा आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. आणि तुमच्या प्रतिक्रियेतलं ते शेवटचं वाक्य तेवढं काढून टाका, ही कळकळीची विनंती.