दुसऱ्याची आग

हॉस्टेलवर रूममेटसाठी माणूस काय काय करतो! प्रॉक्सी लावतो, मेसमधून त्याच्या पोळ्या लपवून आणतो, त्याच्या बाबांचा फोन आला की ‘काका, तो लायब्ररीत आहे’ असं ठोकून देतो. हे सगळं मी विनातक्रार केलंय. पण परवा एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिराला निघताना पठ्ठ्याने स्नॅपचॅटचा पासवर्डच माझ्या हातात ठेवला. शिबिर तोरण्याच्या अंगाला, रेंजचा पत्ता नाही. “भावा, स्ट्रीक तेवढ्या सांभाळ.” एटीएमचा पिन विचारला तर हाच माणूस पाठ फिरवतो.

ज्यांना ही बाधा झालेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्ट्रीक म्हणजे स्नॅपचॅट या फोटो पाठवायच्या ॲपवर दोघांनी दर चोवीस तासांत एकमेकांना एक तरी फोटो पाठवायचा. पाहिला की तो नाहीसा होतो. नुसता मजकूर चालत नाही. मग नावापुढे आगीचं चित्र येतं आणि दिवसांचा आकडा चढत जातो. वेळ संपत आली की वाळूचं घड्याळ दिसतं आणि भल्याभल्यांना घाम फुटतो. फोटोत काय असावं यावर बंधन नाही, त्यामुळे त्यात काहीच नसतं. भिंत, पंखा, अर्धं कपाळ. (सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ येण्याआधी १ जीबी महिनाभर पुरवणाऱ्या आमच्या सीनियर्सना पंख्याचे फोटो परवडलेच नसते.)

यादी उघडली तर गावजेवणाएवढी. त्यातल्या एकाशी याचं फर्स्ट इयरपासून बोलणं बंद आहे, पण स्ट्रीक चालू. भांडण वेगळं, व्यवहार वेगळा. दुसरा शेजारच्या खोलीतला. मी त्याला आमची भिंत पाठवायचो, तो त्याच भिंतीची पलीकडची बाजू पाठवायचा.

मैत्रिणीसाठी मात्र वेगळा नियम होता. “तिला भिंत नको. तिला चहा पाठव.” म्हणजे रोज संध्याकाळी टपरी गाठा, स्वतःच्या पैशाने कटिंग घ्या, वाफ निघतेय तोवर फोटो काढा. तिकडून खिडकीतल्या कुंडीचा फोटो यायचा. एकदा चहासोबत क्रीमरोल दिसला, तर खाली मजकूर आला: ‘अय्या, त्याला क्रीमरोल आवडत नाही ना? तू कोण?’

खरं सांगून टाकलं. पलीकडून उत्तर आलं, ‘मी तिची रूममेट. ती शिबिराला गेलीय.’

त्याच शिबिराला! ती दोघं तिकडे गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घालत होती, हातोहात गोण्या देत होती, एका पंगतीत जेवत होती. आणि त्यांचं प्रेम विझू नये म्हणून इकडे आम्ही दोन परकी माणसं चहा आणि कुंडी फुंकत बसलो होतो.

परत आल्यावर जाब विचारला, तर म्हणाला, “अरे, समोरासमोर बसलेलं त्यात धरत नाहीत.” पायातल्या बुटांवर बंधाऱ्याचा चिखल तसाच, आणि हा आकडे तपासतोय. चहाचे पैसे मागितले. “चहा तूच प्यायलास ना?”

तोंडी मागून उपयोग नाही, तेव्हा हिशेबाचा कागद स्नॅपवर पाठवला. त्याने उघडला, पाहिला, कागद नाहीसा. म्हणून आता रोज पाठवतो. उत्तरादाखल तो समोरच्या कॉटवरून आमच्याच खोलीचा पंखा पाठवतो. पैसे अजून आले नाहीत, पण आमच्याही नावापुढे आग लागलीय.