हजेरीचा अंगठा म्हणजे संमती नव्हे

आज सकाळी एका पर्यावरणपूरक पर्यटन प्रकल्पाच्या ‘भागधारकांच्या बैठकी’चे निमंत्रण आले आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. बैठक कामाच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, जंगलापासून दोन तासांच्या अंतरावर असलेल्या एका हॉटेलच्या सभागृहात. ज्यांची चराई बंद होणार आहे, त्यांनी दिवसाची मजुरी बुडवून, पदरमोड करून तिथे यायचे आणि आपले म्हणणे ‘थोडक्यात’ मांडायचे, अशी अपेक्षा आहे.

मुळात ‘भागधारक’ हा शब्दच मला खटकतो. भागधारक म्हणजे कंपनीचे शेअर घेतलेला माणूस. तोटा दिसू लागला की तो शेअर विकून मोकळा होतो. ज्याचे घर, गुरे आणि सरपण त्याच जंगलाच्या आधाराने चालते, त्याने काय विकून मोकळे व्हायचे?

काही वर्षांपूर्वी अशाच एका बैठकीत मी टिपणे घेण्याच्या कामावर होते. भिंतीवर मोठा नकाशा लावला होता आणि त्यावर तंबूनिवास, निरीक्षण मनोरा, वाहनतळ, प्रवेशद्वार असे सगळे वेगवेगळ्या रंगांत दाखवले होते. मागच्या रांगेतून एक वयस्क बाई उठल्या, नकाशापाशी गेल्या, तंबूंच्या हिरव्या चौकोनांवरून ओढ्यापर्यंत बोट फिरवले आणि म्हणाल्या, “साहेब, आमची पाण्याची वाट ह्यात दिसत नाही.” साहेबांनी अगदी सौजन्याने उत्तर दिले, “मावशी, ते पुढच्या टप्प्यात बघू.” मीही तसेच लिहून घेतले. मग हजेरीची वही घेऊन मीच त्यांच्यापुढे गेले आणि त्यांनी अंगठा उठवला. पुढे अहवाल छापून आला, तेव्हा वहीतले तेच पान ‘स्थानिकांची संमती’ या शीर्षकाखाली परिशिष्टात जोडलेले होते. पानाच्या तळाशी त्यांचा अंगठा, शाई थोडी फिसकटलेली.

त्यामुळे कोणी ‘सर्व घटकांच्या हिताचा समतोल’ म्हणू लागले की मला ते पान दिसते. समतोल कशाचा? गुंतवणूकदार पैसे पणाला लावतो, पर्यटक सुट्टीचे चार दिवस, अधिकारी फार तर आपली पुढची नेमणूक. आणि गावातले माणूस उभे आयुष्य. या चौघांना एकाच टेबलाभोवती बसवून प्रत्येकी पाच मिनिटे दिली की न्याय झाला, असे मानणारे लोक एक तर भोळे आहेत किंवा फार हुशार आहेत. जंगलाला तर ती पाच मिनिटेही मिळत नाहीत.

गुंतवणुकीशिवाय साधी स्वच्छतागृहेही उभी राहत नाहीत, हे मला मान्य आहे. पण पैसा घालणाऱ्याने गावाच्या अटींवर यावे, यात अशक्य असे काय आहे? नामिबियात 1996 साली कायदा बदलून गावसमूहांना त्यांच्या क्षेत्रातील वन्यजीव आणि पर्यटनावर हक्क देण्यात आले आणि निवास चालवणाऱ्या कंपन्यांना त्यांच्याशी करार करावा लागू लागला. तिथेही तंटे आहेत आणि पैशाच्या वाटपावरून कुरबुरीही आहेत. पण हक्क आधी आणि वाटाघाटी नंतर, हा क्रम तरी सरळ आहे. आपल्याकडे आलेल्या निमंत्रणात तो नेमका उलटा आहे. रवांडात गोरिलांच्या एका कुटुंबाजवळ दिवसाला आठच पर्यटक जातात, तेही तासाभरासाठी, आणि उद्यानांच्या पर्यटन उत्पन्नातला 10 टक्के वाटा भोवतालच्या वस्त्यांसाठी असतो. 10 टक्के मला कमीच वाटतात. तरीही आकडा ठरलेला असला की तो मागता येतो. ‘स्थानिकांना रोजगार मिळेल’ या वाक्यातून काय मागणार?

आणि मर्यादा वेळेवर पाळली नाही तर काय होते, ते थायलंडच्या माया बे या खाडीने दाखवले आहे. दिवसाला हजारो माणसे आणि शेकडो नौका येऊन तिथले प्रवाळ मोडले, तेव्हा जून 2018 मध्ये ती आधी चार महिन्यांसाठी म्हणून बंद केली आणि प्रत्यक्षात जानेवारी 2022 मध्ये उघडली. मधल्या काळात काळ्या टोकाच्या पंखांचे शार्क मासे उथळ पाण्यात परत आले. हे वाचताना मला खरोखर आनंद झाला होता. पण बंदीच्या काळात ज्यांच्या नौका रिकाम्या राहिल्या, त्यांना आधीची गर्दी ठरवताना कोणी विचारले होते का, हाही प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

एवढे रागाने लिहिल्यावर एक गोष्ट सांगितली नाही तर ते अप्रामाणिक ठरेल. त्या बैठकीत त्या बाईंचा मुलगा दुसऱ्या रांगेत बसला होता आणि त्याला हा प्रकल्प हवा होता. त्याला वाटाड्याचे काम करायचे होते. कोणता पक्षी कोणत्या झाडावर घरटे करतो, हे त्याला तोंडपाठ होते. आई नकाशापाशी उभी असताना तो खाली मान घालून बसला होता. तेव्हा मला त्याचा राग आला होता. आज येत नाही. गाव म्हणजे एकच मत नव्हे, आणि ‘गावाची बाजू’ घेणाऱ्या माझ्यासारखीनेही त्याच्या पोटाचा विचार केलेला नव्हता. मात्र त्याला काम आणि त्याच्या आईला पाण्याची वाट, या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नव्हत्या. आड येत होते ते तंबू, आणि ते दोनशे पावले बाजूला सरकवता आले असते.

निमंत्रणाला मी उत्तर पाठवले आहे. बैठक गावात आणि कामे आटोपल्यावर संध्याकाळी घ्यावी. नकाशा आठ दिवस आधी गावात लावावा आणि त्यावर चालत्या पायवाटा गावकऱ्यांकडूनच काढून घ्याव्यात. हजेरीच्या प्रत्येक पानावर ‘ही केवळ उपस्थिती आहे, संमती नाही’ असे मोठ्या अक्षरांत छापावे आणि सही किंवा अंगठा घेण्यापूर्वी ते वाचून दाखवावे. वही घेऊन फिरण्याचे काम मी स्वतः करीन, असेही कळवले आहे.